तात्यासाहेबांचे सात स्वेटर

सहामाही परीक्षेत सातवी 'ब'च्या सेहेचाळीस मुलांना मराठीच्या पेपरात एक प्रश्न होता : लेखकाने हा पाठ का लिहिला असावा? त्रेचाळीस जणांनी लिहिलं, 'समाजप्रबोधन व्हावे म्हणून.' दोघांनी जागा कोरी सोडली. रूपा साळवे नावाच्या मुलीने लिहिलं, 'त्यांना कोणीतरी लिहायला सांगितलं असेल.'

करुणा दाभाडे ही त्यांची मराठीची शिक्षिका. तिने त्रेचाळीस जणांना दोनपैकी दोन गुण दिले, कारण गाईडमध्ये तेच उत्तर होतं. रूपाला अर्धा दिला. मग शंका आली म्हणून तिने पाठ पुन्हा वाचला. लेखक लहानपणी नदीत पोहायला शिकत होता, नाकातोंडात पाणी गेलं, शेवटी म्हशीची शेपटी धरून तो बाहेर आला. पाठात समाज कुठेच नव्हता. प्रबोधन झालंच असेल तर म्हशीचं.

दिवाळीची सुटी संपल्यावर पहिल्याच तासाला तिने पुस्तकं मिटायला लावली.

"आजपासून 'समाजप्रबोधन' हा शब्द या वर्गात बंद."

"मग काय लिहायचं, मॅडम?" मागच्या बाकावरून सत्यमने विचारलं.

"खरं."

"खरं किती मार्काला असतं?"

करुणाने फळ्यावर तीन प्रश्न लिहिले : कोणी लिहिलं? कोणासाठी लिहिलं? त्याला काय पाहिजे होतं? घरात, रस्त्यावर, भिंतीवर जे काही लिहिलेलं सापडेल ते आणायचं आणि या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची. खाली तिने चौथी ओळ लिहिली : माहीत नसेल तर जाऊन विचारा. ही ओळ तिने फारसा विचार न करता लिहिली होती.

आठवडाभरात शाळेभोवतीच्या मुकुंदवाडीतल्या बऱ्याच लोकांना आपण काय लिहितो याचा जाब द्यावा लागला.

सत्यमने एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उतरवून घेतला, म्हणजे मजकूर वहीत उतरवला, आणि तो छापणाऱ्या शहागंजच्या दुकानात मामाबरोबर गेला. "मॅडम, बासष्ट डोकी आहेत त्याच्यावर. दुकानवाले चाचा म्हणाले, मजकूर कोन पढता है, सब अपना मुंडी देखते. एक जरी मुंडकं सुटलं ना, तो रुसतो अन् दुसऱ्या पार्टीत जातो."

करुणाने फळ्यावर लिहिलं : हेतू, कोणी रुसू नये.

प्रेरणा स्टेशनच्या भिंतीवरची एका तांत्रिक बाबाची जाहिरात घेऊन आली. प्रेमात धोका, नोकरी, सवत. चोवीस तासांत समाधान. खाली मोबाइल नंबर. तिने आईच्या फोनवरून तो लावला होता.

"बाबा म्हणाले, बेटी, प्रॉब्लेम क्या है? मी म्हटलं, प्रॉब्लेम नहीं, प्रोजेक्ट है. त्यांनी कट केला. मी परत लावला. तर म्हणाले, पढाई पे ध्यान दो."

"चोवीस तासांच्या आत समाधान केलं की मग," सत्यम म्हणाला.

वर्ग खूश होता. करुणाही खूश होती. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिच्या तासाला कोणी पाणी प्यायला बाहेर जायची परवानगी मागत नव्हतं.

शुक्रवारी रूपा उभी राहिली. तिच्या हातात 'घाटमाथ्यावरचा सूर्य' होता.

हा चारशे बारा पानांचा गौरवग्रंथ संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त दोन वर्षांपूर्वी काढलेला. तात्यासाहेब मूळचे कन्नड तालुक्यातले. शेती तिकडे, शाळा इकडे. ग्रंथाच्या नव्वद प्रती शाळेच्या ग्रंथालयात होत्या आणि उरलेल्या बक्षीस म्हणून दिल्या जात. रांगोळीत पहिली आलेल्या मुलीला तोच आणि धावण्यात तिसऱ्या आलेल्या मुलालाही तोच. सत्यमच्या घरी चार प्रती होत्या. एक फ्रीजखाली होती, कारण फरशी तिरपी होती.

करुणाला तो ग्रंथ वर्गात नको होता. त्याला कारण होतं. ती नोकरीला लागली त्याच हिवाळ्यात या ग्रंथाचं काम निघालं. तात्यासाहेबांविषयी प्रेम सगळ्यांना होतं, पण लेख कोणी देत नव्हतं. मुख्याध्यापक गोकुळ सरांनी तिला एक यादी दिली. यादीत अकरा नावं होती : पत्नी, डॉक्टर, ड्रायव्हर, एक निवृत्त तहसीलदार, वगैरे. "दाभाडे मॅडम, तुमचा हात चांगला आहे. तात्यासाहेब लक्षात ठेवतील." जानेवारीत पहाटे पाचला उठून, पत्र्याच्या खोलीत ब्लँकेट पांघरून, तिने तीन आठवड्यांत अकरा माणसांचं प्रेम लिहून दिलं.

आता तिची शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं भरली होती. कायम करण्याचा प्रस्ताव तयार होता. त्यावर एकच सही बाकी होती, अध्यक्षांची. उद्या शनिवारी तात्यासाहेब शाळेत येणार होते आणि गोकुळ सर ती फाईल त्यांच्यापुढे ठेवणार होते. सही झाली तर कायम. नाही झाली तर पुन्हा मानधन, आणि दर जूनला संस्थेची मर्जी.

"पान एकशे सतरा," रूपाने सुरू केलं. "'माझे यजमान', लेखिका वच्छलाबाई. तात्यासाहेब पहाटे एसटीतून उतरले. स्टँडवर एक मुलगी कुडकुडत होती. त्यांनी अंगातला स्वेटर काढून तिला घातला. बाह्या तिच्या गुडघ्यापर्यंत आल्या."

"छान," करुणा म्हणाली. "बस आता."

"पान एकशे चाळीस. डॉक्टरांचा लेख. पहाट, मुलगी, स्वेटर, बाह्या गुडघ्यापर्यंत. पान दोनशे तीन. ड्रायव्हर फकिरा. पहाट, मुलगी, स्वेटर..." तिने वहीत यादीच केली होती. "एकूण सात स्वेटर आहेत, मॅडम."

"मोठा माणूस आहे. दिले असतील सात," सत्यम म्हणाला.

"हौ, पण साती पोरींच्या बाह्या गुडघ्यापर्यंतच कशा येतील? एखादी तरी उंच असंल ना?"

सत्यमला हे पटलं.

"म्हणून मला वाटतं, हे सातही लेख एकाच माणसानं लिहिलेत," रूपा म्हणाली. "आणि लिहिताना त्याला थंडी वाजत होती."

वर्ग हसला. करुणाने डस्टर उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"आम्ही विचारून पण आलो."

"कोणाला?"

"वच्छलाआजींना. बंगला शाळेच्या मागंच आहे ना. चौथी ओळ आहे, मॅडम, फळ्यावर." रूपाने वही उघडली आणि वाचायला लागली. "प्रश्न : आजी, तुम्ही हा लेख का लिहिला? उत्तर : मी? मला सहीपुरतंच लिहिता येतं, बाई. प्रश्न : मग तुमच्या नावानं कसा आहे? उत्तर : माझ्या नावानं लई काय काय हाय. पेट्रोल पंप पण हाय. प्रश्न : आजोबांनी स्वेटर दिला होता का? उत्तर : ह्यांनी? ह्यांचा स्वेटर धुवायला मागितला तरी देत नाय. मग आजी म्हणाल्या, काय लिहिलंय ते वाच तरी. आम्ही पूर्ण लेख वाचला. आजी हसल्या. मग डोळे पुसले. मग म्हणाल्या, नवरा चांगला लिहिलाय. कुणाचा हाय?"

घंटा झाली.

मधल्या सुटीत गोकुळ सरांनी करुणाला बोलावलं. बंगल्यावरून फोन आला होता. सर नेहमी खुर्चीत बसून बोलत. आज उभे होते.

"मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

"आहे, सर. लेखकाचा हेतू."

"मग हेतू शिकवा ना. चौकशी कशाला शिकवता? पोरं अध्यक्षांच्या घरात घुसून मॅडमसाहेबांची जबानी घेऊन आली! वही, पेन, प्रश्न, उत्तर! पोलीस तरी चहा घेऊन विचारतात."

"मुलांनी वाचलं सर. पूर्ण ग्रंथ वाचला. तुम्ही वाचलाय?"

"मी संपादक आहे त्याचा," गोकुळ सर म्हणाले, आणि तेवढ्याने उत्तर झालं असं त्यांना वाटलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "उद्या विचारतील. तुम्ही एकच सांगायचं. शब्दांकन. त्यांनी सांगितलं, तुम्ही उतरवून घेतलं. वच्छलाबाईंचं शब्दांकन, डॉक्टरांचं शब्दांकन. विषय संपला. फाईल मी सोबत आणतोच."

"आणि सात स्वेटर?"

"सात जणांनी सांगितले."

"गुडघ्यापर्यंतच्या बाह्यांसकट?"

"मॅडम, तुम्हाला कायम व्हायचंय का नाही?"

तिला व्हायचं होतं. हे तिने घरी जाताना, भाजी घेताना आणि वह्या तपासताना स्वतःला तीनदा सांगितलं. एक शब्द म्हणायचा होता. तिने आजवर त्याहून मोठं खोटं लिहिलं होतं, तेही अकरा वेळा आणि शुद्धलेखन तपासून.

शनिवारी सकाळी आठला तात्यासाहेब सातवी 'ब'मध्ये आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, वर जाकीट. थंडी चांगली होती, पण अंगात स्वेटर नव्हता. मागून गोकुळ सर फाईल घेऊन आले. त्यांच्याही मागून वच्छलाबाई आल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या सरळ शेवटच्या बाकावर सत्यमशेजारी जाऊन बसल्या आणि त्याला म्हणाल्या, "सरक जरा."

"कोण ती चौकशीवाली?" तात्यासाहेबांनी विचारलं.

रूपा उभी राहिली.

"बस, बस. चांगली केली चौकशी. मलाबी तेच विचारायचंय." ते टेबलाला टेकले. "ह्या स्वेटरनं माझा जीव खाल्लाय. पुस्तक निघाल्यापासून ज्या शाळेत जाईन तिथं पोरं माझ्या तोंडाकडं बघत नायत, अंगाकडं बघतात. गेल्या हिवाळ्यात बारा शाळांचे अर्ज आले. आमालाबी स्वेटर द्या. काय करता? छापलंय म्हटल्यावर द्यावंच लागतं. वाटले मी! आता थंडीत स्वेटर घालून बाहेर पडायची सोय नाय राहिली मला. काढून द्यावा लागंल म्हणून." त्यांनी गोकुळ सरांकडे पाहिलं. "कुणी घातला हा स्वेटर माझ्या अंगात?"

"शब्दांकन आहे, तात्यासाहेब," गोकुळ सर म्हणाले. "मॅडम सांगतील."

करुणा फळ्याकडे वळली. तीन प्रश्न आणि चौथी ओळ तिथेच होती. आठवडाभर तिने ती पुसू दिली नव्हती. सेहेचाळीस मुलं तिच्याकडे बघत होती. शब्द तयार होता. गोकुळ सरांनी तिच्या सोयीसाठी ओठांनी तो म्हणूनही दाखवला.

"मी लिहिलं," करुणा म्हणाली.

गोकुळ सरांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"कोणासाठी, मॅडम?" मागून सत्यमने विचारलं. तो फळा वाचत होता.

"तात्यासाहेबांसाठी."

"काय पाहिजे होतं?"

"सही. कायम होण्यासाठी त्यांची सही लागते. ती मिळावी म्हणून लिहिलं."

वर्गात कोणालाच धक्का बसला नाही. फ्लेक्सवरच्या बासष्ट डोक्यांनंतर त्यांना हे फार साधं वाटलं. फक्त रूपाचं समाधान झालं नव्हतं.

"पण मग स्वेटर कशाला, मॅडम? सहीला स्वेटर लागत नाही."

हा प्रश्न करुणाने स्वतःला कधी विचारला नव्हता. ती टेबलाच्या कडेला टेकणार होती, पण तिथे तात्यासाहेब होते.

"मी पाचवीत होते," ती म्हणाली. "कन्नडला. इथं शहरात वक्तृत्व स्पर्धा होती. डिसेंबर महिना, पहाटेची एसटी. माझे वडील कारखान्यावर वॉचमन. मला सोडायला स्टँडवर आले आणि अंगातला खाकी स्वेटर काढून मला घातला. बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या. मी दोन दिवसांनी परत आले, तोवर त्यांनी गोणपाट पांघरून ड्युटी केली. तात्यासाहेबांविषयी चांगलं लिहायचं होतं. मला चांगलं तेवढंच माहीत होतं. तेच घातलं."

"सात वेळा?" रूपाने विचारलं.

"घाई होती."

तात्यासाहेब मात्र मध्येच कुठेतरी अडले होते. "थांबा. कोणत्या सालची गोष्ट?"

"दोन हजार सात."

"खाकी स्वेटर म्हणजे कारखान्याचा. गणवेशातला."

"हो."

तात्यासाहेबांचा चेहरा उजळला. "त्या साली मी कारखान्यावर संचालक होतो! वॉचमनला स्वेटर द्यायचा ठराव माझा. व्हय, माझाच. म्हणजे स्वेटर मीच दिला की! बघा गोकुळ सर, काय खोटं हाय ह्यात? उगं पोरांनी बोभाटा केला. मॅडमनी बरोबर लिहिलंय. आणा ती फाईल."

फाईल उघडली गेली. तात्यासाहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण मागे लावलं. सही व्हायला चार सेकंद लागतात. तेवढा वेळ गप्प राहणं एवढंच काम करुणाला होतं.

ती दोन सेकंद राहिली.

"नाही, तात्यासाहेब. कारखान्यानं स्वेटर वॉचमनला दिला. मला दिला तो कचरू दाभाड्यांनी."

पेन थांबलं. "एकच झालं की."

"एक नाही. कारखान्यानं दिला तेव्हा कोणालाच थंडी वाजली नाही. त्यांनी दिला तेव्हा त्यांना वाजली."

बाहेर पीटीच्या सरांची शिटी वाजली. तात्यासाहेबांनी टोपण पुढे आणून पेनाला लावलं आणि पेन खिशात ठेवलं. "ठीक हाय. फाईल राहू द्या तुमच्याकडंच, गोकुळ सर. विचार करावा लागंल."

रूपाने हात वर केला. "तात्यासाहेब, सही का नाही केली हे विचारायला आम्ही कधी येऊ?"

"येऊ म्हणजे?"

रूपाने फळ्यावरची चौथी ओळ दाखवली. तिच्या हातात वही होती. प्रेरणानेही वही काढली. मग इतरांनीही काढल्या. सेहेचाळीस वह्या निघायला थोडा आवाज होतो.

"या की उद्याच," शेवटच्या बाकावरून वच्छलाबाई म्हणाल्या. "मी घरीच असते. यांना नाय सांगता आलं तर मी सांगते."

"तुम्ही गप्प बसा हो," तात्यासाहेब म्हणाले.

"पन्नास वर्षं बसले. लेखात मात्र लई बोलले म्हणं मी." वच्छलाबाई उठल्या नाहीत, बाकावरच पुढे झुकल्या. "अहो, दोन वर्षं झाली, जी बाई भेटती ती म्हणती, वच्छलाबाई, नशीब काढलं, काय देवमाणूस नवरा मिळाला. मी म्हणते, व्हय. आता कळलं तो देवमाणूस कारखान्यावर वॉचमन होता. बापाचं गुण तुमच्या अंगावर घातलं पोरीनं, अन् तुम्ही सही द्यायला मागंपुढं बघता? करा."

सत्यमने त्यांच्याकडे आदराने पाहिलं.

तात्यासाहेबांनी आधी बायकोकडे, मग वह्यांकडे, मग गोकुळ सरांकडे पाहिलं. गोकुळ सर कोणाकडेच बघत नव्हते. पेन पुन्हा निघालं. सही मोठी होती, रकान्याच्या बाहेर गेली. तारीख टाकायचं राहून गेलं. ती नंतर गोकुळ सरांनी टाकली.

दारापर्यंत जाऊन तात्यासाहेब वळले. "मॅडम, दुसऱ्या आवृत्तीत वडलांचं नाव टाका. पण एकाच लेखात. बाकीचे सहा स्वेटर माझेच राहू द्या." ते क्षणभर थांबले. "ते आता मी खरंच वाटलेत."

करुणाने मान हलवली. हिशेबाने ते बरोबर होतं.

जानेवारीअखेर आदेश आला. सेवापुस्तक उघडलं गेलं. फेब्रुवारीत घटक चाचणी झाली आणि मराठीच्या पेपरात पुन्हा तोच प्रश्न होता, या वेळी अंगणातल्या चिमण्यांवरच्या एका कवितेबद्दल : कवयित्रीने ही कविता का लिहिली असावी?

करुणा लाल पेन घेऊन बसली. चव्वेचाळीस जणांनी लिहिलं होतं, 'त्यांना सही पाहिजे होती म्हणून.' सत्यमने लिहिलं होतं, 'एकही चिमणी रुसू नये म्हणून.' रूपाचं उत्तर होतं, 'कवयित्री पुण्यात राहतात. दोनदा फोन केला, उचलला नाही. उचलला की सांगते.'

तिने रूपाला दोनपैकी दोन दिले आणि सत्यमला दीड. मग उरलेला गठ्ठा पुढे ओढला. सेवापुस्तकात तिच्या निवृत्तीची तारीखही लिहून झाली होती. अजून एकोणतीस वर्षं होती.